आफ्रिकेतल्या शिकारीची जुनी पुस्तकं : कुठून सुरुवात करावी, कशी वाचावीत?

रानवाटा

कॉर्बेट आणि अँडरसन यांच्या भारतातल्या शिकारकथा वाचून झाल्यावर 'आता आफ्रिकेकडे वळायचंय, काय वाचू?' हा प्रश्न इतर धाग्यांवर सारखा येतो आणि उत्तरं विखरून जातात. म्हणून हा वेगळा धागा. विषय वसाहतकाळातला, साधारण १८३० ते १९५० दरम्यानचा. जाणकारांनी भर घालावी.

माझा पहिला सल्ला असा, की लेखकाच्या हातात कोणती बंदूक होती ते आधी बघा. हा काळ तीन भागांत पडतो. पहिला ठासणीच्या बंदुकांचा आणि काळ्या दारूचा. दुसरा १८७० च्या आगेमागे सुरू होतो : काडतूस मागून भरायची सोय आली, पण दारू काळीच राहिली. तिसरा कॉर्डाइट या धूर न करणाऱ्या दारूचा. मोठ्या जनावरांसाठीची कॉर्डाइटची पहिली नावाजलेली रायफल म्हणजे रिग्बीची .४५० नायट्रो एक्स्प्रेस, १८९८ ची.

शिकारी वीस पावलांवर का जातो, बार काढल्यावर लगेच बाजूला का पळतो, घोडा का लागतो, इतकी जनावरं जखमी होऊन का निसटतात, या सगळ्याचं उत्तर बंदुकीत असतं. हे ठाऊक नसेल तर १८५० चा लेखक क्रूर वाटतो आणि १९१० चा शूर. प्रत्यक्षात फरक बराचसा दारूचा आहे.

जुनीपानं

या यादीच्या तोंडाशी जे पुस्तक हवं, ते मुंबईत छापलं गेलंय. कॅप्टन विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस हा कंपनी सरकारच्या बॉम्बे इंजिनिअर्समधला अधिकारी. प्रकृतीच्या कारणावरून १८३६ मध्ये त्याला दक्षिण आफ्रिकेत केपला पाठवलं. रिचर्ड विल्यमसन हा मुंबईचाच मुलकी अधिकारी त्याचा जोडीदार. दोघं बैलगाड्या जोडून कुरुमानमार्गे मझिलिकाझी या मटाबेले राजाच्या मुलखात गेले, तिथून पूर्वेकडच्या वाटेनं परतायची त्याच्याकडून परवानगी काढली आणि १८३७ मध्ये मागे आले.

या प्रवासाचं 'नॅरेटिव्ह ऑफ ॲन एक्स्पिडिशन इन्टू सदर्न आफ्रिका' हे पुस्तक १८३८ मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये छापलं. मराठी मुद्रणाचा इतिहास वाचणाऱ्यांना हा छापखाना चांगला माहीत आहे. मराठी टाइपाची घडण जिथे झाली, त्या मोजक्या ठिकाणांपैकी एक. लंडनची आवृत्ती त्यानंतर, १८३९ मध्ये, 'द वाइल्ड स्पोर्ट्स ऑफ सदर्न आफ्रिका' या नावानं आली. आज सगळे हेच नाव घेतात, त्यामुळे मुंबईची पहिली आवृत्ती मागे पडते.

हे पुस्तक शिकारीच्या पलीकडेही मोलाचं आहे. डच वंशाच्या बोअर लोकांनी मझिलिकाझीला लिंपोपोपलीकडे हुसकलं ते १८३७ च्या अखेरीस. हॅरिस त्याच्या आधी, अगदी जेमतेम, तिथे होता. त्यामुळे ते राज्य जागेवर असतानाचं वर्णन त्यात सापडतं. शिवाय १८३६ च्या डिसेंबरात मगालीसबर्गच्या डोंगरात त्यानं मारलेलं सेबल हे काळं, मागे वळलेल्या लांब शिंगांचं हरीण तोवर शास्त्राला ठाऊक नव्हतं. त्याच्या शास्त्रीय नावापुढे आजही 'हॅरिस, १८३८' असं लागतं.

तो इंजिनिअर, म्हणून हात चित्रकलेचा. १८४० च्या 'पोर्ट्रेट्स ऑफ द गेम अँड वाइल्ड ॲनिमल्स' या मोठ्या आकाराच्या ग्रंथात हातानं रंगवलेली ३० शिळाप्रेस चित्रं आहेत. पुढे तो शिष्टमंडळ घेऊन इथिओपियातल्या शोआ राज्यात गेला, त्यावर वेगळं पुस्तक लिहिलं आणि १८४८ मध्ये पुण्याजवळ तापानं वारला. वय जेमतेम ४१.

घाटमाथा

छान माहिती, जुनीपानं. एक प्राथमिक शंका : या पुस्तकांत सतत '४ बोअर', '८ बोअर', 'इतके ड्रॅम' असं येतं. .५७७ म्हणजे इंच, हे कळतं. पण बोअर म्हणजे नेमकं काय? आणि आकडा लहान तशी बंदूक मोठी, हे कसं?

बारूदखाना

एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या जितक्या गोल गोळ्या होतील, तो आकडा म्हणजे बोअर. ४ बोअरची गोळी पाव पौंडाची, म्हणजे ११३ ग्रॅम. ८ बोअरची ५७ ग्रॅम. बारा बोअरची साधारण ३८. म्हणून आकडा घटला की नळी वाढते. ड्रॅम हे दारूचं माप. एक ड्रॅम म्हणजे १.७७ ग्रॅम.

आता हे मनात ठेवून सलूस वाचा. फ्रेडरिक कोर्टनी सलूस, 'अ हंटर्स वाँडरिंग्ज इन आफ्रिका', १८८१. सुरुवातीच्या मोसमांत त्याच्याकडे बर्मिंगहॅमच्या हॉलिस कंपनीच्या दोन ४ बोअर ठासणीच्या बंदुका होत्या. नळी आतून गुळगुळीत, घडण अगदी स्वस्तातली, मूळची बदकं मारायची जात. दारू मोजून घालायची नाही. कमरेच्या चामडी पिशवीत हात घालायचा आणि मूठभर नळीत ओतायची. त्यानंच लिहिलंय, की साधी मूठ वीस ड्रॅमच्या वर भरते. म्हणजे ३५ ग्रॅमहून जास्त काळी दारू आणि तिच्यावर पाव पौंडाची गोळी. एवढ्या सरंजामावर त्यानं १८७२ ते १८७४ च्या तीन मोसमांत ७८ हत्ती मारले, त्यातला एक सोडून सगळे पायी. पायी का, तर त्सेत्से माशीच्या पट्ट्यात घोडा जगत नाही.

बिघडायचं कुठे, तेही तो मोकळेपणानं सांगतो. दारू पेटवणारी टोपी फुटते पण बार निघत नाही. बंदूक मागे बंदूकवाहकाच्या हातात जाते. बार झालाच असं समजून तो वरून दुसरी मूठ दारू आणि दुसरी गोळी ठासतो. ठासणीच्या बंदुकीत आतला भार बाहेरून दिसत नाही; गज नळीत घालून तो किती वर राहतो ते बघणं, एवढाच उपाय, आणि हत्ती समोर असताना ते कोण करणार? सलूसच्या हातात अशी दुहेरी भरलेली बंदूक आली. बार झाला तेव्हा तो उचलून फेकला गेला आणि दस्त्याचे तुकडे झाले.

या बंदुकांच्या धक्क्यानं आपला नेम पुढची कित्येक वर्षं बिघडला, बार काढताना अंग आधीच आक्रसायला लागलं, असं त्यानं लिहून ठेवलंय. पुढे त्यानं गिब्सची एकनळी .४६१ घेतली, आणि तिथून त्याच्या वर्णनांतली अंतरं वाढत जातात. पुस्तक वाचताना ही अंतरं समासात टिपत चला. बंदूक कुठे बदलली ते आपोआप कळेल.

घाटमाथा

बोअरचं कोडं सुटलं, धन्यवाद. सलूस नक्की वाचणार.

रानवाटा

सलूसच्या आधीची दोन नावं थोडक्यात. रोवालिन गॉर्डन-कमिंग, १८५०. बढाया वाटाव्यात असे आकडे, आणि तेव्हाही लोकांनी शंका घेतल्या होत्या. पण त्या मुलखात राहिलेल्या लिव्हिंग्स्टननं त्याच्या वर्णनाला दुजोरा दिला होता. मला हे पुस्तक थकवणारं वाटतं. एकामागून एक जनावर पडत जातं आणि भूभाग डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

सॅम्युएल बेकरचं 'द नाइल ट्रिब्यूटरीज ऑफ ॲबिसिनिया' (१८६७) मात्र सोडू नका. त्यातला सगळ्यात भारी भाग बेकरच्या स्वतःच्या बंदुकांचा नाही, हमरान अरबांच्या तलवारींचा आहे. घोड्यावरचे तीन-चार जण. एक जण हत्तीच्या तोंडापुढे घोडा नाचवत त्याला स्वतःच्या मागे खेचून घेतो. दुसरा भरधाव मागून येऊन उडी टाकतो आणि मागच्या पायाची मोठी शीर तलवारीनं तोडतो. हत्ती तीन पायांवर पळू शकत नाही; एक शीर तुटली की तो जागीच खिळतो. पुढच्या घोडेस्वाराचा अंदाज हातभर चुकला तर घोडा आणि माणूस दोघंही गेले. बेकरनं हे बारकाईनं टिपलंय आणि त्यांच्या कौशल्याला मनापासून दाद दिली आहे. या काळात आफ्रिकेतल्या माणसांच्या कसबाबद्दल इतकं समजून लिहिलेलं फार थोडं सापडतं.

मुक्काम_नैरोबी

केनियातल्या त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांबद्दल मी लिहितो. कर्नल जे. एच. पॅटरसन, 'द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो', मॅकमिलन, १९०७, प्रस्तावना सलूसची. भारतीय वाचकानं सुरुवात इथूनच करावी, कारण यातली अर्धी माणसं आपली आहेत. युगांडा रेल्वेसाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून आणले गेले आणि जवळजवळ २,५०० तिथेच मेले. पॅटरसन मार्च १८९८ मध्ये त्सावो नदीवरचा पूल बांधायला आला. दोन्ही सिंह त्याच वर्षाच्या डिसेंबरात पडले, पहिला ९ तारखेला आणि दुसरा २९ ला. मधल्या काळात कामगार पळून गेले आणि काम साधारण तीन आठवडे ठप्प होतं.

शिकारीचं पुस्तक म्हणून यातले फसलेले डाव जास्त शिकवतात. दोन ठळक.

एक, सापळा. लाकडी स्लीपर, ट्रामचे रूळ, तारायंत्राची तार आणि साखळी वापरून त्यानं दोन खणांचा पिंजरा केला. मागच्या खणात गजांआड माणसं आमिष म्हणून, पुढचा खण सिंहासाठी, आत पाय पडला की दार पडायचं. सिंह खरोखरच आला, दारही पडलं. आतल्या शिपायांच्या हातात बंदुका होत्या, सिंह हातभर अंतरावर होता. पण त्यांची बोबडी वळली. बराच वेळ बारच काढले नाहीत आणि मग सुटले ते वाटेल त्या दिशेला. एका गोळीनं दाराचाच गज तुटला आणि सिंह त्या फटीतून निघून गेला. यंत्रात खोट नव्हती. अंधार, बंद जागा आणि समोर खवळलेलं जनावर, अशा वेळी माणूस काय करेल याचा हिशेब धरला नव्हता.

दुसरा डाव उसन्या बंदुकीचा. जास्त जोरदार म्हणून त्यानं डॉक्टरकडून रायफल बदलून घेतली. सिंह समोर आला, चाप ओढला, बार नाहीच. आधी चालवून न बघितलेलं हत्यार घेऊन जनावरासमोर उभं राहू नये, हा धडा त्यानं तिथेच लिहिलाय. पहिला सिंह शेवटी पडला तो त्याच्या नेहमीच्या .३०३ नं. मचाण कसली, चार वासे तिरपे रोवून वर एक फळी, उंची बारा फूट. म्हणजे सिंहाच्या उडीच्या टप्प्यातच. सिंह रात्री बराच वेळ त्या मचाणाभोवती घिरट्या घालत राहतो, तो भाग सावकाश वाचा. माप : नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ९ फूट ८ इंच, खांद्याशी उंची ३ फूट ९ इंच. उचलायला आठ माणसं लागली.

आणखी एक. रोशन नावाच्या मिस्त्रीनं या सगळ्यावर हिंदुस्थानीत रचलेलं कवन पॅटरसननं भाषांतर करून पुस्तकात घातलंय. लोक ते ओलांडून पुढे जातात. जाऊ नका. मजुरांच्या बाजूनं या घटनेचं लिहिलेलं तेवढंच हाती आहे.

घाटमाथा

मृतांचा आकडा नक्की किती? कुठे २८, कुठे १३५, कुठे ३५ वाचलाय.

मुक्काम_नैरोबी

तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. १९०७ च्या पुस्तकात २८ हिंदुस्थानी मजूर. त्याखेरीज मेलेल्या स्थानिक आफ्रिकनांची सरकारी नोंदच ठेवली गेली नाही, असं तिथेच लिहिलंय. १३५ हा आकडा नंतरचा, शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी १९२५ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेतला. आणि ३५ हा २००९ च्या संशोधनाचा अंदाज : सिंहांच्या हाडांतल्या आणि केसांतल्या समस्थानिकांवरून त्यांच्या खाण्यात माणसाचा वाटा किती ते काढलं, एकाकडे साधारण १०, दुसऱ्याकडे २४. पण हा खाल्लेल्यांचा अंदाज आहे. मारून टाकून दिलेले त्यात येत नाहीत.

म्युझियममधले सिंह फोटोत लहान वाटतात त्याचं कारणही सांगतो. कातडी पंचवीसेक वर्षं पॅटरसनच्या घरी जमिनीवर अंथरलेली होती. १९२४ मध्ये ५,००० डॉलरला विकली गेली. झिजलेल्या, कडा कापलेल्या कातड्यात पेंढा भरला की जनावर मूळ मापाचं होत नाही.

ते माणसांकडे का वळले याची कारणं एकाहून जास्त आहेत. एका सिंहाचा सुळा मोडलेला आणि मुळाशी गळू झालेलं. १८९० च्या दशकात बुळकांडीच्या साथीनं रानरेडे आणि गुरं साफ झालेली. आणि रेल्वेच्या छावण्यांत आजारी माणसं, उघड्यावर किंवा उथळ पुरलेली प्रेतं.

बारूदखाना

आता कॉर्डाइटचा काळ, म्हणजे डब्ल्यू. डी. एम. बेल. 'द वाँडरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर', १९२३. हत्तींचा एकूण आकडा १,०११, आणि त्यातले बहुतेक .२७५ रिग्बीनं, म्हणजे आपल्याला ७ मिलिमीटर माउझर म्हणून माहीत असलेल्या काडतुसानं. गोळी १७३ ग्रेन, ११ ग्रॅम. सलूसच्या गोळीचा दहावा हिस्सा.

हे जमलं कसं? बेलनं हत्तीची कवटी करवतीनं उभी कापून मेंदू कुठे बसलाय ते पाहिलं. बाहेरून डोकं अवाढव्य दिसतं, पण बराचसा भाग पोकळ, मधाच्या पोळ्यासारखं हाड. मेंदू खाली आणि मागे, दोन कानांच्या भोकांमध्ये. बाजूनं मारताना निशाण कानाच्या भोकाच्या किंचित पुढे. समोरून मात्र डोकं किती वर किंवा खाली धरलंय त्यावर निशाण सरकतं, आणि नवखे इथेच चुकतात; गोळी मेंदूच्या वरून पोकळ हाडात जाते, हत्ती हलतो, क्वचित बसतो आणि उठून निघून जातो. गोळीही विशिष्ट हवी : पूर्ण कवचाची, बोथट टोकाची, जाडीच्या मानानं लांब. अशी गोळी हाडात सरळ जाते. टोकदार गोळी आत कलंडते. मऊ टोकाची वरच पसरते.

पण बेल वाचून 'लहान नळीच चांगली' असा निष्कर्ष काढू नका. तो करामोजासारख्या उघड्या मुलखात हिंडत होता, तिथल्या हत्तींना बंदूक फारशी माहीत नव्हती, आणि त्याच्याइतका नेम शंभरात एकाचा नसतो. दाट झाडीत अंगावर आलेल्या जनावराला थांबवायचं तर हिशेब वेगळा.

तो हिशेब जॉन 'पोंडोरो' टेलरनं मांडला, 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस', १९४८. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट दर सेकंद, गुणिले जाडी इंचात, भागिले ७,०००. बेलची .२७५ सोळाच्या आसपास येते, .३७५ चाळीसवर, .४७० सत्तरच्या पुढे. मेंदू थोडक्यात हुकला तर हत्ती किती वेळ भोवंडून पडून राहील, याचा हा अंदाज. बाकी कशालाही हे सूत्र लावू नये. हरणावर लावलं तर उत्तर निरर्थक येतं.

जाता जाता आपल्याकडचा एक धागा. आफ्रिकन सफारीची म्हणून गाजलेली .४७० दुनळी, तिच्या जोडीची .४६५, .४७६, यांची चलती भारतातल्या एका बंदीमुळे झाली. बंडखोरांच्या हातात मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि त्यांना .४५० ची गोळी चालत असे, म्हणून १९०७ मध्ये भारत आणि सुदानात .४५० ला मनाई झाली. भारत ही बंदूक कारखान्यांची मोठी बाजारपेठ. त्यांनी नळी थोडी वाढवून नवी काडतुसं काढली आणि तीच पुढे केनिया-टांगानिकात गेली.

अनामिका_दे

तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण या पुस्तकांत पैसा आणि कायदा कुठे आहे तेही बघायला हवं, नाहीतर चित्र अर्धंच राहतं.

१९०० मध्ये लंडनला वसाहतवाल्या सत्तांचा आफ्रिकेतल्या वन्यप्राण्यांबद्दल करार झाला. त्या सुमारास परवाना पद्धत घट्ट होत गेली. ब्रिटिश ईस्ट आफ्रिकेत बाहेरून आलेल्या शिकाऱ्याचा परवाना ५० पौंडांचा, म्हणजे ७५० रुपयांचा. रुपये अशासाठी, की तिथलं चलन १९२० पर्यंत आपला रुपयाच होता, १५ रुपयांना एक पौंड. या पुस्तकांत मजुरी आणि किमती रुपयांत दिसतात त्या याच कारणानं.

७५० रुपये भरू शकणारा तो शिकारी, आणि पिढ्यान्‌पिढ्या धनुष्यबाणानं शिकार करणारा कांबा किंवा वाटा जमातीचा माणूस एका रात्रीत चोरटा ठरला. वाटांच्या धनुष्याची ओढ शंभर पौंडांच्या वर असे आणि बाणाला अकोकँथेरा झाडाचं विष. ते लोक समजून घ्यायला डेनिस होल्मनचं 'द एलिफंट पीपल' (१९६७) वाचा. अभ्यासपूर्ण हवं असेल तर जॉन मॅकेन्झीचं 'द एम्पायर ऑफ नेचर' (१९८८) आणि एडवर्ड स्टाइनहार्टचं 'ब्लॅक पोचर्स, व्हाइट हंटर्स' (२००६). जुनी पुस्तकं वाचायच्या आधी नको, दोन-तीन वाचून झाल्यावर ही वाचा. मग आधीची परत उघडावीशी वाटतील.

हस्तिदंताचा माल कुठे जात होता तेही लक्षात असू द्या. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या दंताचा मोठा वाटा मुंबईला उतरे. काही इथल्या बांगड्या-चुड्यांसाठी राहायचा, काही पुढे विलायतेला. शिकारीच्या पुस्तकांत आपला देश फक्त मजूर आणि रुपये एवढाच नाही, गिऱ्हाईकही आहे.

रानवाटा

अनामिका_दे यांच्याशी पूर्ण सहमत. याच कारणासाठी मी आर्थर न्यूमनचं 'एलिफंट-हंटिंग इन ईस्ट इक्वेटोरियल आफ्रिका' (रोलंड वॉर्ड, १८९८) फार वर ठेवतो. धंदा दंताचा होता हे तो लपवत नाही, डोरोबो मागकाढ्यांसोबत महिनोन्‌महिने राहिला आणि ते त्याच्या लिखाणात उतरलंय. १८९६ च्या सुरुवातीला रुडॉल्फ सरोवराजवळ एका हत्तिणीनं त्याला तुडवलं. चाप ओढला तर नुसता 'टक्'. ली-मेटफर्डचा खटका मागे-पुढे झाला होता, पण काडतूस नळीत शिरलंच नव्हतं. बरगड्या चिरडल्या, आणि पुढे कित्येक आठवडे तो दुधावर जगला. हे त्यानं इतकं शांतपणे लिहिलंय, की दोनदा वाचावं लागतं. खटक्याची रायफल घाईत चालवली, खटका पूर्ण मागे आला नाही, तर पुढचं काडतूस उचललं जात नाही. दुनळीवर शेवटपर्यंत जीव टाकणारे लोक होते, त्याचं मोठं कारण हेच. दुसरा बार दुसऱ्या चापावर तयार असतो.

अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, त्याच्याबद्दल कोणी लिहिणार का?

मुक्काम_नैरोबी

'आफ्रिकन गेम ट्रेल्स', १९१०. बाप-लेकांनी मारलेल्या जनावरांची यादी पुस्तकातच आहे : थिओडोर २९६, कर्मिट २१६. मला त्यात शिकारीपेक्षा कातडी टिकवण्याचं काम जास्त वाचनीय वाटतं. ही मोहीम स्मिथसोनियन म्युझियमसाठी होती, बरोबर तीन निसर्गशास्त्रज्ञ, आणि सामानात चार टन बारीक मीठ. मीठ बारीकच लागतं. जाडं मीठ कातड्यावर सारखं बसत नाही, जिथे पोचलं नाही तिथे कुजायला सुरुवात होते आणि केस मुठीनं निघतात. उष्ण हवेत हे काही तासांतलं काम. आधी मांस आणि चरबी खरवडायची, ओठ, कान, पंजे आतून उलटे करून पातळ करायचे, मग मीठ चोळायचं. गेंड्या-हत्तीचं कातडं इतकं जाड, की आतून तासून पातळ केल्याशिवाय मीठ मुरतच नाही. आणि हे सगळं वाहायचं माणसांच्या डोक्यावर, एका हमालाचं ओझं ६० पौंड, २७ किलो. सलूसच्या बैलगाड्या आणि ही हमालांची रांग, दोन्हींचा वेग, खर्च आणि मुक्काम यांतला फरक पुस्तकाच्या पानापानात दिसतो.

नंतरच्या काळासाठी जे. ए. हंटरचं 'हंटर' (१९५२). कांबा लोकांच्या वस्तीसाठी जमीन मोकळी करायची म्हणून १९४४ ते १९४६ मध्ये मकुएनी भागात सरकारी हुकमानं ९९६ गेंडे मारले गेले, ते याच माणसाच्या हातून. वाचताना त्रास होतो. तरी वाचावं, कारण पुढे केनियातले गेंडे का संपत आले, त्याचा एक मोठा तुकडा इथे पहिल्या हातानं लिहिलेला आहे.

घाटमाथा

आता व्यवहाराचं : ही पुस्तकं मिळवायची कुठे? ऑनलाइन दुकानांत अनोळखी प्रकाशकांच्या स्वस्त प्रती दिसतात. घ्याव्यात का?

जुनीपानं

शक्यतो नको. त्या प्रती बहुतेक स्कॅनवरून यंत्रानं अक्षरं ओळखून छापलेल्या असतात. या विषयात आकड्यांना महत्त्व, आणि नेमके तेच बिघडतात; दशांशचिन्ह गळतं, .४५० चं ४५० होतं, अपूर्णांकातली इंचं भलतीच होतात. चित्रं काळी पडतात किंवा गाळलेली असतात, नकाशे तर नसतातच.

मजकूर वाचायचाय तर प्रताधिकार संपलेली पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. पॅटरसन गुटेनबर्गवर वाचा, मजकूर तपासलेला असतो. आर्काइव्हवर मूळ पानांची छायाचित्रं मिळतात, पण एकाच पुस्तकाची चार-पाच स्कॅन असली तर सगळी उघडून बघा. घडीचा नकाशा बऱ्याचदा न उलगडताच स्कॅन केलेला असतो, एखाद्यातच पूर्ण सापडतो.

जुनी छापील प्रत घेत असाल तर आधी पुढची चित्रसूची काढा आणि एकेक चित्र जागेवर आहे का ते मोजा. बेलच्या पुस्तकात त्याची स्वतःची रेखाटनं आहेत, हॅरिसमध्ये रंगीत चित्रं; अशी पानं काढून फ्रेम करून वेगळी विकली जातात, त्यामुळे पुस्तक वरून धडधाकट आणि आतून रिकामं असू शकतं. मग घडीचा नकाशा, तो घड्यांवर फाटतो. मागचं पान बघा, वाचनालयाचा शिक्का असेल तर किंमत बरीच उतरायला हवी.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत तपकिरी ठिपके येणारच. ते वाचनाला आड येत नाहीत, पण कपाटाला भिंतीपासून वीतभर सोडा आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. फाटलेल्या नकाशाला सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांत डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग बांधणीवाल्याच्याही हाताबाहेर जातं. जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीनं मागून जोडून घ्या.

घाटमाथा

आणि क्रम? पॅटरसन, सलूस, न्यूमन, बेल असा धरू का?

रानवाटा

हो, चालेल. फक्त सलूस आणि न्यूमनच्या मध्ये बेकर घाला. सलूस १८८१ चा घ्या; १८९३ चं 'ट्रॅव्हल अँड ॲडव्हेंचर इन साउथ-ईस्ट आफ्रिका' नंतर, त्यात राजकारण आणि रस्तेबांधणी जास्त आहे. आणि बेल वाचताना टेलरचं सूत्र जवळ ठेवा.

बारूदखाना

सलूसच्या जोडीला स्टिगँडचं 'हंटिंग द एलिफंट इन आफ्रिका' (१९१३) पण ठेवा, माग काढण्यावर त्याच्याइतकं नेटकं कमी जणांनी लिहिलंय. हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर दोरीनं मोजून दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची येते. हा ठोकताळा हाताशी असला की या सगळ्या पुस्तकांतली पावलांची मापं वाचताना हत्ती केवढा होता ते लगेच काढता येतं. दीड मीटर घेर म्हणजे तीन मीटरचा हत्ती.